पिवळ्या गाड्या आल्या का?

स्वारगेटहून बारामतीच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ खजुराचा एक डबा होता आणि एक निरोप. डबा पोचवायचा होता. निरोप अर्धाच सांगायचा होता.

त्याआधी तीन आठवडे मी आखातातल्या एका लहान देशात वार्तांकनासाठी होतो. देशाचे नाव इथे लिहीत नाही. जिने डबा दिला ती मुलगी अजून तिथेच आहे, आणि तिथे परक्या माणसाचे बोलणे लगेच धरले जाते. देश एवढा लहान, की मोटारीने या टोकाहून त्या टोकाला जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येते. एका बलाढ्य देशाचा लष्करी तळ तिथे कित्येक वर्षे आहे. तळ आहे तोवर आपल्याला कुणी हात लावणार नाही, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. युद्ध पेटले आणि क्षेपणास्त्रे आली ती त्या तळाचा नेम धरूनच. काही तळावर पडली. काही मासळी बाजारामागच्या वस्तीत पडली.

मी पोचलो तेव्हा शस्त्रसंधी झाली होती. दुकाने उघडली होती, पण काचांना कागदी पट्ट्या अजून चिकटवलेल्या होत्या. तळाच्या कराराची मुदत संपत आली होती. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, यावर तिथल्या सल्लागार सभेच्या बैठका बंद दाराआड चालल्या होत्या. बाहेर लोक तेच बोलत, फक्त हळू आवाजात. मासळी बाजारात एक म्हातारा विक्रेता मला म्हणाला, "संकट पत्ता विचारत आलं. पत्ता त्यांचा होता, घर आमचं होतं." मग त्याने इकडेतिकडे पाहिले आणि माशावर पाणी मारायला लागला.

वैशाली त्या शहरातल्या एका रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात परिचारिका आहे. वय तीसच्या आसपास. गाव इंदापूर तालुक्यातले सणसर, शिक्षण बारामतीत. रुग्णालयाची मागची भिंत आणि तळाची भिंत यांच्यामध्ये एक रस्ता आहे, बस्स. डबा माझ्या हातात देताना ती म्हणाली, "घरी सांगा, मी बरी आहे. जेवते, झोपते. दवाखाना कुठं आहे ते मात्र सांगू नका." मी कबूल केले.

बारामती, सोमवार

बारामतीच्या स्थानकावर उतरलो तेव्हा ऊन चढले होते. बाकावर बसून डब्याचे झाकण उघडले तर मुंग्या. विमानातून, सीमाशुल्काच्या तपासणीतून, पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरातून सुखरूप आलेला डबा स्वारगेट ते बारामती एवढ्या प्रवासात मुंग्यांनी गाठला होता. वरचा थर काढून टाकला, उरलेला खजूर वर्तमानपत्रात गुंडाळून परत डब्यात ठेवला. शेजारच्या बाईंनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आखातातनं आलाय व्हय? तितलं मिटलं का?"

मी म्हणालो, "सध्या थांबलंय."

"थांबलंय म्हंजे मिटलं न्हवं," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

इंदापूरच्या गाडीत बसलो. वाहकाने मला सणसरच्या अलीकडेच एका फाट्यावर उतरवले. चूक त्याची की माझी, ठाऊक नाही. गाडी गेल्यावर आसपास फक्त ऊस होता. तुटलेल्या फडात पाचट पेटवलेले, त्याचा धूर रस्त्यावर रेंगाळत होता. मी कालव्याच्या भरावावरून चालत निघालो. कालवा कोरडा होता. उन्हाळी आवर्तन, म्हणजे धरणातून सुटणारी पाण्याची पाळी, अजून यायची होती. तळाच्या भेगांमध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि एक फुटका माठ. अर्ध्या तासात एकच माणूस भेटला. शेळ्या घेऊन चालला होता. वैशालीच्या वडिलांचे नाव सांगताच म्हणाला, "मारुतीतात्या? पाटकरी? असंच सरळ जावा. जितं कालव्याचं शेवटचं दार लागंल तितं त्यांचं रान."

सणसर, सोमवार दुपार

कालव्याचे पाणी चाऱ्यांमध्ये, म्हणजे रानापर्यंत जाणाऱ्या लहान पाटांमध्ये सोडायचे, कुणाची पाळी कधी ते पाहायचे, दार उघडायचे आणि बंद करायचे, हे पाटकऱ्याचे काम. मारुतीतात्यांनी ते तीस वर्षे केले. आता निवृत्त आहेत. उंच, वाळलेले, बोलताना समोरच्याकडे न पाहता चारीच्या दिशेने पाहणारे. डाव्या हाताची तीन बोटे नाहीत.

त्यांची पत्नी हिराबाई. त्यांनी खजुराचा डबा घेतला, उघडला, एक खजूर देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "लेकीनं मुंग्याबी धाडल्यात का तितल्या?"

"मुंग्या बारामतीच्या आहेत, मावशी," मी म्हणालो.

"मग आपल्याच की. खाऊ द्या."

जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची चटणी आणि मी पाहुणा म्हणून उजनीची चिलापी, तव्यावर कडक भाजलेली. त्या लहान देशात मासा भाताखाली पुरून देतात आणि पाहुण्याच्या ताटात डोके ठेवतात. इथे हिराबाईंनी डोके काढून ठेवले आणि मधला तुकडा वाढला. वैशालीला तिथे काय खायला मिळते, हे त्यांनी चार वेळा विचारले. तात्यांनी एकदाही नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारले, "दवाखान्यापास्नं त्या तळाची भिंत किती लांब?"

मी म्हणालो, "ते सांगायचं नाही असं वैशालीनं मला सांगितलंय."

"म्हंजे जवळच," तात्या म्हणाले.

बातमीदाराला एवढी कच्ची चूक शोभत नाही. पण खोटे बोलायची तयारी मी केली नव्हती, आणि गप्प बसायलाही जमले नाही. हिराबाई भांडी घेऊन आत गेल्या होत्या. त्यांनी ऐकले की नाही, समजले नाही.

संध्याकाळी सहाला वैशालीचा फोन आला. रोज त्याच वेळी येतो. आधी आईशी बोलणे झाले, मग तात्यांनी फोन घेतला. तब्येत विचारली नाही, काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, "पिवळ्या गाड्या आल्या का?"

"आल्या, तात्या. सात वाजता. मी ड्युटीला शिरताना."

"किती?"

"तीन. रोजच्याच."

"बरं. ठेव मग."

फोन बंद करून ते माझ्याकडे वळले. तळावरच्या अधिकाऱ्यांची कुटुंबे रुग्णालयाशेजारच्या वसाहतीत राहतात. त्यांच्या मुलांची शाळा आहे. शाळेच्या पिवळ्या बसगाड्या रोज सकाळी रुग्णालयासमोरून जातात. शस्त्रसंधीनंतर ती कुटुंबे परत आली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा वैशालीने गंमत म्हणून हे सांगितले होते. तेव्हापासून तात्या रोज तेवढेच विचारतात.

"लढाई सुरू व्हायच्या आदी त्यांनी आपली बायकापोरं कवा हलवली?" तात्यांनी मला विचारले.

ते मला माहीत होते. पहिले क्षेपणास्त्र पडण्याच्या बारा दिवस आधी. मी ती बातमी दिली होती. आतल्या पानावर, एक स्तंभ, चार ओळी.

"बारा दिवस," मी म्हणालो.

"त्या देशाच्या मान्सांना सांगितलं व्हतं?"

"नाही. शाळेला सुट्टी दिली, एवढंच सांगितलं."

तात्यांनी मान हलवली. मग मला चारीच्या शेवटच्या दारापाशी नेले. लोखंडी दार, वर फिरवायचे चाक, चाकाला गंज. तिथे उभे राहून त्यांनी वीस वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. वरच्या गावचे लोक पाणी खाली येऊ देत नव्हते. टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, ऊस वाळत होता. तेव्हा टेलच्या सात-आठ घरांनी लासुर्ण्याच्या दौलतआबांना गाठले. आबांचे रान मोठे, माणसे भरपूर. करार असा ठरला, की आबांनी आपल्या जोरावर पाणी खाली आणायचे आणि त्या बदल्यात त्यांची पाणी उपसायची इंजिने आणि राखणीची माणसे तात्यांच्या रानात, या दारापाशी राहायची.

"पाणी आलं?" मी विचारले.

"आलं की. दोन पाळ्या पोटभर आलं. खोटं कशाला बोलू? लोकांनी आबाला हार घातला."

तिसऱ्या पाळीला वरच्या गावचे लोक काठ्या घेऊन आले. आबांच्या घरी गेले नाहीत. इंजिने होती तिथे आले, तात्यांच्या रानात. उभा ऊस तुडवला, इंजिने चारीत ढकलली. दार सरकारी आणि ते तात्यांच्या ताब्यातले, म्हणून तात्या चाक धरून उभे राहिले. झटापटीत चाक उलटे फिरले.

त्यांनी डावा हात पुढे केला नाही. मीही पाहिले नाही.

"त्याच्या चार दिस आदी मी या बांधावर हुबा व्हतो," ते म्हणाले. "आबाच्या वस्तीवरच्या म्हशी गावात चालल्या व्हत्या. समद्या. लहान रेडकूसुदिक टेंपूत घातलेलं. मागनं त्याची बायकापोरं जीपमधनं बारामतीला. मी बघितलं आन म्हनलं, चाऱ्याला चालल्या असतील." त्यांनी चाकावरचा गंज नखाने खरवडला. "आसं कुनी समद्या म्हशी चाऱ्याला नेतं व्हय? पन मला त्यो इचारच आला न्हाय. आमी त्याच्या बाजूचं व्हतो ना!"

लासुर्णे, मंगळवार

दौलतआबांना भेटावे असे मला वाटले. तात्यांना विचारले तर म्हणाले, "जावा की. मानूस वाईट न्हाय. मोठा हाय, एवढंच."

लासुर्ण्याला आबांची केळीची बाग आहे. घड निळ्या पिशव्यांमध्ये बांधलेले, वाफे नेटके, ठिबकच्या नळ्या सरळ. आबा सत्तरीचे, गोरेपान, हसतमुख. त्यांची केळी त्याच लहान देशात जातात. लढाईत बंदर बंद झाले तेव्हा घड झाडावरच पिकले. पिकलेला घड बोटीने पाठवता येत नाही. त्यांनी तो गावात वाटला, उरलेला गुरांना घातला.

"आमच्या म्हशींनी परदेशी माल खाल्ला," आबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्यांनी मला बळेच जेवायला बसवले. जेवता जेवता जगाचे राजकारण निघाले. आबा वर्तमानपत्र रोज वाचतात. त्या देशाने तळ काढून टाकावा का, असे मी विचारले.

"काढून कुनाच्या दारात जानार?" आबा म्हणाले. "लहानाला मोठ्याबिगर भागत न्हाय, साहेब. आज ह्यो मोठा न्हाय आवडला तर उद्या दुसरा मोठा येऊन बसंल. त्यो न इचारता बसंल."

त्यांचा पुतण्या ताटात भाकरी वाढत होता. तो म्हणाला, "पन आबा, मार त्यांनी खाल्ला न्हवं?"

"मार खाल्लाच. पन दोन पाळ्या पानीबी प्यालेच की."

पुतण्या देशाबद्दल बोलत होता, आबा चारीबद्दल. दोघांच्याही ते ध्यानात आले नाही. मग मीच थेट चारीबद्दल विचारले. म्हशी हलवल्या तेव्हा टेलच्या लोकांना का सांगितले नाही?

आबा रागावले नाहीत. पाणी प्यायले. "सांगितलं असतं तर त्येबी हलले असते. मग इंजिनं कुनी राखायची? आन खरं सांगू? भांडान व्हनार हे मला ठाव व्हतं. माझ्या रानात झालं असतं तर माझा ऊस मोडला असता. मोठा मानूस आपल्या वावरात भांडत न्हाय. म्हून तर त्यो मोठा ऱ्हातो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मारुतीच्या औषधपान्याला मी बारामतीला सोता गेलो व्हतो. इचारा त्याला."

हे खरे होते. तात्यांना नंतर विचारले. आबा आठ दिवस रुग्णालयात बसून होते. डबा आणत होते. तुडवलेल्या उसाबद्दल मात्र दोघेही कधी बोलले नाहीत. करारही कधी मोडला नाही. पुढच्या वर्षी पाणी लागल्यावर टेलच्या लोकांनी पुन्हा आबांनाच गाठले होते.

निघताना आबांनी केळ्यांची एक फणी दिली. "मारुतीला द्या. त्याच्या पोरीला म्हनावं, आमचीच केळी खाती तू तितं."

सणसर, मंगळवार संध्याकाळ

सहाला फोन आला नाही. सव्वासहाला नाही. तात्या ओट्यावर बसून केळ्याची साल सोलत होते आणि केळे खात नव्हते. साडेसहाला आला.

हिराबाईंचे बोलणे झाले. वैशालीने सांगितले की विभागात नऊ बाळे आहेत, दोन अगदी मुठीएवढी. तिच्या हाताखालची एक मुलगी रजेवर गेली म्हणून उशीर झाला. मग तात्यांनी फोन घेतला आणि आवाज मोठा केला.

"पिवळ्या गाड्या आल्या का?"

"आज दिसल्या नाहीत, तात्या. सुट्टी असेल त्यांची. शुक्रवारी नसतातच."

 मग तात्या म्हणाले, "आज मंगळवार हाय, वैशे."

 तिकडून फक्त यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, बाळांच्या पेट्यांची असावी.

"तू निघ," तात्या म्हणाले. "मिळंल त्या इमानानं निघ. सामान ऱ्हाऊ दे."

"असं कसं निघू? नऊ जण आहेत माझ्याकडं. पेटीतनं काढून कुठं नेऊ त्यांना?"

"त्यांची मानसं हायत की तितली!"

"मरियमबाई आहेत," वैशाली म्हणाली. मरियमबाई तिथल्याच, तिच्या विभागाच्या प्रमुख. मी त्यांना भेटलो होतो. "मघाशी त्यापण हेच बोलल्या. म्हणाल्या, तळावरच्यांची पोरं गेली, उद्या तुमची विमानं येतील, तुम्ही जाल. जा, मी अडवणार नाही. पण सांग, आम्ही कुठं जायचं? आमचा देश तर एवढाच आहे." मग ती स्वतःचे बोलली, "मी काय बोलू तात्या त्यांना?"

"बोलू नगंस. निघ."

"बघते," ती म्हणाली. 'बघते' म्हणजे काय, ते त्या घरात तिघांनाही ठाऊक होते. फोन बंद झाला.

तात्या ओट्यावरून उठले आणि परत बसले. "ऐकत न्हाय," ते म्हणाले. "इतकं शिकवलं पन ऐकत न्हाय. म्या चार दिस आदी बघितलेलं मला कळलं न्हाय. हिला तर म्या सांगतोय, तरी कळना."

हिराबाई दारात उभ्या होत्या. "आवं, तुमाला तवा कळलं असतं तर तुमी दार सोडून हालला असता व्हय?"

तात्या केळ्याची साल गोळा करायला लागले.

"सांगा की. हालला असता?"

"दार माझ्या ताब्यात व्हतं," तात्या म्हणाले.

"मग झालं तर," हिराबाई म्हणाल्या आणि दिवा लावायला आत गेल्या.

परत, बुधवार

सकाळी निघालो. तात्या फाट्यापर्यंत सोडायला आले. रात्रीच आवर्तन सुटले होते. चारीत पाणी आले होते, गढूळ, पुढे काडीकचरा ढकलत. टेलपर्यंत पोचायला दुपार होईल, असे तात्या म्हणाले. ते येणाऱ्या पाण्याकडे बघत चालत होते आणि मी त्यांच्याबरोबर. एसटी दिसल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"तुमच्या वळखीचं तितं कोन असंल ना? तेवढं इचारा. एका दिसाची सुट्टी असंल तर असंल. मला तुमचंच खरं वाटंल."

त्या देशात मला फिरवणारा टॅक्सीवाला केरळचा होता. रोज त्या वसाहतीच्या फाटकापाशी गाडी लावतो. त्याला मी बारामतीच्या स्थानकावरून विचारले. पुण्याच्या गाडीत बसलो आणि पाटस येण्याआधी त्याचे उत्तर आले. नेमके, एखाद्या जुन्या बातमीदारासारखे. सोमवारची शाळा सुटल्यानंतर त्याच तीन बसगाड्या मुलांना आणि बायकांना घेऊन विमानतळाकडे गेल्या. सामान होते. शाळेला कुलूप आहे. सरकारकडून काही सांगितलेले नाही. खाली त्याने एक ओळ जास्तीची लिहिली होती: करारावरची आजची बैठक पुढे ढकलली आहे.

मी दोनदा वाचले. मग तात्यांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे पाण्याचा आवाज होता; ते दारापाशी असावेत.

"गाड्या परवाच गेल्या, तात्या," मी म्हणालो. "विमानतळाकडे. शाळेला कुलूप आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

 मागून हिराबाईंचा आवाज आला, लांबून, बांधावरून हाक मारल्यासारखा. "कोन हाय? त्ये साहेब हायत का? काय म्हनत्यात?"

तात्यांनी फोन तोंडापासून दूर केला, पण बंद केला नाही. मला स्पष्ट ऐकू आले.

"आल्या म्हनत्यात," ते ओरडून म्हणाले. "गाड्या आल्या म्हनत्यात आज!"